कारवी सात वर्षं थांबते कशाला?

(सुरुवातीला नुसता आवाज. सुकलेल्या बोंडांची तडतड.)

ऐकलंत का, कुणीतरी मोहरीची फोडणी घातलीये असं वाटतंय ना? ही कारवीची बोंडं आहेत, कारवी म्हणजे सह्याद्रीतलं एक झुडूप. पावसाचं पहिलं पाणी लागलं की ती फुटतात आणि बी लांब उडतं. मागच्या सप्टेंबरात हाच उतार अख्खा जांभळा झालेला, लोक गाड्या थांबवून सेल्फी काढत होते, आणि आता नुसत्या काटक्या, कारण कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते.

साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढून कासचं पठार ओलांडलं आणि बामणोलीकडं उतरायला लागलं की हिची दाटी दिसते. जुन्या घरांचे कूड हिच्याच काठ्यांचे, वरनं शेणामातीचं सारवण. पठारावर हिची बुटकी बहीण आहे, टोपली कारवी, उपडी टोपली ठेवल्यासारखी दिसते म्हणून टोपली.

आता प्रश्न असा की सगळ्या एकदम का फुलतात? आणि तेही सात वर्षांनी, काही ठिकाणी आठ. कुणी म्हणतं सात ही मूळ संख्या आहे, अमेरिकेतले सिकाडा किडे नाही का 13 नाहीतर 17 वर्षांनी जमिनीतनं वर येतात, तसंच हे. ऐकायला भारी वाटतं, पण मग आठचं काय? आणि केरळातली नीलकुरिंजी 12 वर्षांनी फुलते, 2006 ला फुलली, मग 2018 ला, आता 12 काय मूळ संख्या नाही. मला तरी हे आकड्यांचं प्रकरण कारवीला लागू पडत नाही.

पावसावर ढकलावं तर तेही जमत नाही, कारण या डोंगरावर यंदा आणि पलीकडच्या खोऱ्यात दोन वर्षांनी असंही होतं. म्हणजे मोजणी झाडाच्या आतच चाललीये.

डॅनियल जॅन्झेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1976 ला बांबूबद्दल एक सरळ हिशेब मांडला. गावजेवणाला कितीही माणसं जेवली तरी बुंदी उरतेच, तसं सगळ्यांनी एकाच वर्षी बी टाकलं तर उंदीर, पाखरं खाऊन खाऊन किती खाणार. जे झाड एकटंच आडवर्षाला फुलेल त्याचं बी मात्र सगळं फस्त, त्याचा वंश संपला, आणि असं हजारो पिढ्या झालं की वेळ पाळणारीच झाडं मागं राहतात. पण मिझोराममध्ये काय झालं बघा. तिथला एक बांबू साधारण 48 वर्षांनी फुलतो, 1959 ला फुलला तेव्हा उंदीर बी खाऊन नुसते तृप्त नाही झाले, बेसुमार वाढले आणि बी संपल्यावर भातात शिरले, दुष्काळ पडला. 2007 ला परत तेच. बांबूचं साधलं, भरलं माणसांनी.

दुसरी बाजू मधमाश्यांची. उतारभर फूल असेल तर माश्या लोटतात, परागीभवन चांगलं होतं, एकट्या झुडपाकडं कोण येणार. महाबळेश्वरकडं मधाच्या पेट्या ठेवणाऱ्या एका तात्यांना विचारलं, मधल्या सहा वर्षांत माश्या करतात काय? ते हसलेच. "आवं, माशीला काय कारवीच पायजे असं हाय व्हय? जांभूळ हाय, हिरडा हाय, गेळा हाय. आन् आग्या तर कुठनं कुठं जातीया." म्हणजे माश्यांचं कारवीवाचून अडत नाही, कारवीचं मात्र माश्यांवाचून अडतं.

बरं, इकॉलॉजीवाला बघतो आज या झाडाला फायदा काय होतोय, उत्क्रांतीवाला विचारतो ही सवय लागली कशी, आणि इथंच खरी खटकाखटकी होते. आज माश्यांमुळं फायदा होतोय म्हणजे सवय माश्यांमुळंच लागली असं नाही ना. आधी उंदरांमुळं लागली असेल, माश्यांचा लाभ नंतर फुकटात मिळाला असेल. मला स्वतःला उंदरांची बाजू जड वाटते, पण पैज नाही लावणार.

आणि उत्तराची घाईही करता येत नाही. पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा 2012 ला युनेस्कोच्या यादीत आल्या त्यात कास आहे. तेव्हापासून इथं किती गाड्या आल्या, किती वाद झाले, कुंपण हवं का नको, गुरं चरू द्यायची का नाही. आपल्याला वाटतं केवढा काळ गेला, कारवीच्या हिशेबानं जेमतेम दोन पिढ्या.

(कॅमेरा जवळ. दुसऱ्या उतारावरचं एकच झुडूप, त्यावर पाच-सहा जांभळी फुलं.)

हे बघा, या दुसऱ्या उतारावरचं हे वेळ चुकलेलं. आजूबाजूच्या सगळ्या नुसत्या हिरव्या आणि हे एकटंच फुललंय. वीस मिनिटं बसलो, एक सातेरी माशी आली, दोन फुलांवर बसली आणि गेली. खोडाला लाल नाडा बांधलाय, मोबाईलवर लोकेशन टाकून ठेवलंय. पुढच्या पावसाच्या आधी येऊन बोंडं मोजायची आहेत, किती भरली आणि किती कुणी कुरतडली.