पाटा, तार आणि सहा व्होल्टची बॅटरी

मंडळी, जीप म्हटलं की इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची जीप, येणार. माझ्याही येतं. गगनबावड्याच्या वाटेवर आत चौदा, मागं लटकलेले चार, ड्रायव्हर अर्धा बाहेर आणि गिअरची दांडी कुणाच्या तरी गुडघ्यांमधे. कॉलेजची तीन वर्षं मी असाच आलो-गेलो. पुढं नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेलो. तिथं शेजारच्या आजोबांनी एका रविवारी शेडमधली ताडपत्री ओढून १९४३ सालची विलीज कंपनीची लष्करी जीप दाखवली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "एवढीशी?"

खरंच एवढीशीच असते ती. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर ८० इंच. वजन अकराशे किलोच्या आसपास. इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर. दारं नाहीत, हीटर नाही, बॅटरी सहा व्होल्टची. वायपर हातानं फिरवायचे, म्हणजे पावसात एक हात स्टिअरिंगवर आणि एक काचेवर. पेट्रोलची टाकी चक्क ड्रायव्हरच्या बुडाखाली. टाकीत ५७ लिटर मावतात आणि त्यावर आपण गादी टाकून बसायचं. पेट्रोल भरताना उठायचं, गादी उचलायची, झाकण काढायचं. एका पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला, टोपण कुठं दिसेना. आजोबा म्हणाले, "मी बसलोय त्याच्यावर."

ही गाडी आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्करानं मोटार कारखान्यांना कळवलं, हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी आणि नमुना ४९ दिवसांत हवा. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून नकाशे काढले आणि सप्टेंबरात गाडी दारात उभी केली. पण बँटमची ताकद ती किती! मोठं काम गेलं विलीज आणि फोर्डकडं. १९४१ ते ४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. दोन्हीकडच्या गाड्यांचे भाग एकमेकांना बसतात. फोर्डनं मात्र बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा आपला 'एफ' ठोकून ठेवला. हौशी लोक आज भिंग घेऊन तो शोधत बसतात. पितळेच्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत, त्यातलाच प्रकार.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. विलीजचे पुढचे दिवे बिजागरीवर असतात. एक नट सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि त्याचा उजेड इंजिनवर पडतो. म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं आधीच धरलं होतं, की ही रात्री, रानात, कुठंतरी बंद पडणार आणि कुणीतरी शिपाई वाकून ती दुरुस्त करणार. आजची गाडी बंदच पडणार नाही असं धरून बनवतात. पडली तर टोईंगवाल्याला फोन करायचा. जिथं फोनच लागत नाही तिथं हा फरक कळतो.

तर त्या फोन न लागणाऱ्या मुलखाकडं येतो. ऑस्ट्रेलियाचा मधला सगळा कोरडा भाग, त्याला तिथं आऊटबॅक म्हणतात. आजोबांसोबत आम्ही पाच जुन्या लष्करी जीप आणि मदतीला एक नवी गाडी घेऊन गेलो ते ऊडनाडाटा ट्रॅकवर. मारी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत ६२० किलोमीटर, बहुतेक सगळा कच्चा रस्ता. गेलो जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. उन्हाळ्यात जायचं धाडस शहाण्यानं करू नये; याच ऊडनाडाट्यात २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश तापमान नोंदलंय. वाळवंट म्हणून मी पातळ कपडे नेले होते. पहाटे पाण्याच्या बादलीवर बर्फाची साय धरली होती. बिनदाराच्या जीपमधे बसून, कानटोपीवर हेल्मेटचा चष्मा चढवून मी 'कुठून ही बुद्धी झाली' असं मोठ्यांदा मराठीत म्हणत होतो. कुणाला कळत नव्हतं, हा एक फायदा.

हा रस्ता आखलाय पाण्यानं. भूगर्भातल्या मोठ्या साठ्यातलं पाणी या पट्ट्यात झऱ्यांच्या रूपानं वर येतं. अरबाना आणि शेजारच्या मूळ लोकांच्या वाटा याच झऱ्यांवरून हजारो वर्षं चालत आल्या. १८५९ मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी तेच झरे धरून उत्तरेकडं सरकला. १८७२ मध्ये तारायंत्राचे खांब याच वाटेनं उभे राहिले आणि त्यामागून रेल्वे आली. शोध लावला म्हणतात तो असा; पाणी कुठंय हे माहीत असलेली माणसं तिथं आधीपासून राहत होती.

त्या रेल्वेचं नाव 'गान', अफगाणमधली शेवटची दोन अक्षरं. रेल्वेआधी आणि नंतरही या मुलखात मालाची ने-आण उंटांवर होई. उंटवाल्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले कितीतरी बलुचिस्तान, पेशावर, पंजाब, राजस्थानकडचे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातले. मारीत त्यांनी मशीद बांधली, खजुराची झाडं लावली. आज तिथं मशिदीची प्रतिकृती आहे, गवतानं शाकारलेली. मी तिथं बराच वेळ उभा होतो. आमच्यातल्या एकानं विचारलं, "तुझ्या गावाकडचे का रे?" मी म्हटलं, "गावाकडचे नाहीत, पण तिकिटाला पैसे नसते तर माझाही आजा असाच आला असता."

आता ही रेल्वे आणि आमच्या जीप यांचं नातं. १९ फेब्रुवारी १९४२ ला जपाननं डार्विनवर बाँब टाकले. उत्तर किनारा वाचवायचा तर दक्षिणेतून माणसं, दारूगोळा आणि गाड्या तिथं पोचवायला हव्यात. पण ॲडलेडकडून निघालेली अरुंद रुळांची गान ॲलिस स्प्रिंग्जला संपायची. पुढं उत्तरेला जवळजवळ हजार किलोमीटर लष्करानं युद्धाच्या काळात रस्ता बांधून घेतला आणि ट्रकांच्या रांगा लावल्या. आज स्टुअर्ट हायवे म्हणून जो मोठा रस्ता आहे, त्याची ही सुरुवात. युद्ध संपल्यावर सरकारनं जास्तीच्या जीप लिलावात काढल्या. शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी, जमीन मोजणाऱ्यांनी त्या घेतल्या. आमच्या शेजारच्या आजोबांच्या वडिलांनी घेतली ती अशीच. तिला नांगर जोडलाय, तिच्या मागच्या चाकाला पट्टा लावून लाकूड कापायची करवत फिरवलीय. आपल्याकडं महिंद्रानं १९४९ मध्ये माझगावात विलीजचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. आपलं वडाप त्याच वंशातलं, अंगानं जरा सुटलेलं.

रस्त्याबद्दल सांगायला हवं. घराच्या छपराचा पन्हाळी पत्रा आडवा टाका आणि त्यावरून दोनशे किलोमीटर गाडी हाका, असा तो रस्ता. चाकांच्या माऱ्यानं मातीत आडव्या वळ्या पडतात. नव्या मोठ्या गाड्या ताशी ८० नं या वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जातात. आमची जीप ८० ला तरंगत नाही, बाजूला नाचत जाते. म्हणून आम्ही चाळीसनं. दात वाजतात, नट सैल होतात, जेवणाच्या डब्यातल्या बिस्किटांचं पीठ होतं. मधेमधे 'बुलडस्ट' लागते. आपल्या फुफाट्याची थोरली बहीण. टाल्कम पावडरीसारखी, आणि तिच्याखाली खड्डा किती खोल ते चाक आत गेल्यावर कळतं. रोज संध्याकाळी एकच कार्यक्रम: पाना घेऊन गाडीखाली शिरायचं आणि प्रत्येक नट आवळायचा. हौशी लोकांना वाटतं जुन्या जीपची सहल म्हणजे फोटो. सहल निम्मी उताणी झोपून होते.

चाळीसच्या वेगाचा मोबदलाही मिळतो, हे कबूल केलं पाहिजे. विल्यम क्रीक नावाची मूठभर लोकांची वस्ती आहे. तिच्या सभोवती ॲना क्रीक हे गुरांचं एकच रान पसरलंय, सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा घ्या, असे तीन. एका मालकीची जमीन. आम्ही सकाळी चहा घेऊन निघालो, दुपारी भाकरीला थांबलो, तरी त्याच कुंपणाच्या कडेनं. मोठ्या गाडीत काचा वर करून बसलं असतं तर हे आकड्यातच राहिलं असतं.

विल्यम क्रीकच्या अलीकडं लेक एअर, आता अधिकृत नाव काटी थांडा–लेक एअर. समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली, बहुतेक वर्षं कोरडं, मिठाचं पांढरं सपाट. १९६४ मध्ये डोनल्ड कँपबेलनं इथं मोटार ताशी ४०३ मैलांवर नेली. आमच्यातल्या तरुणाला हात शिवशिवायला लागले. पण त्या तळ्याच्या पात्रात गाडी घालायची नाही. अरबानांसाठी ती जागा पवित्र आहे. आम्ही काठावर इंजिनं बंद केली. इतकी शांतता, की गरम सायलेन्सर थंड होताना टिकटिकतो ते पाचही जीपचं वेगवेगळं ऐकू येत होतं.

पेट्रोलचा एक गमतीचा मुद्दा. मध्य ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी दूरच्या वस्त्यांवर वेगळ्या प्रकारचं पेट्रोल मिळतं. मुलं पेट्रोल हुंगून आयुष्याची माती करून घेत होती, म्हणून २००५ पासून नशा न येणारं पेट्रोल तिथं आणलं. नव्या, महागड्या इंजिनांचे मालक त्यावर कुरकुरतात. आमच्या विलीजचा काँप्रेशन रेशो, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा किती दाबली जाते ते प्रमाण, साडेसहाच्या आत. तिला कुठलंही चालतं. चुलीत काय जाळता हे चुलीला कुठं विचारायचं असतं!

सहा व्होल्टचा अनुभव तिसऱ्या रात्री आला. आजोबांची गाडी मुक्कामाच्या दोन किलोमीटर आधी फटफट करून बंद. आजोबांनी बाकी काही बघितलं नाही, दिवा उलटा केला आणि डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगीची वीज वाटणाऱ्या डब्याचं, टोपण काढलं. आत बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो, तो उष्णतेनं गेला होता, तो बदलला. उजेड पिवळा, देवघरातल्या समईएवढा. त्याच डब्यातल्या पॉइंटमधली, म्हणजे वीज तोडणाऱ्या टोकांमधली, फट मोजायचं पातं सापडेना, तेव्हा त्यांनी पाकिटातून व्हिजिटिंग कार्ड काढलं, दुमडलं आणि फटीत घालून बघितलं. वीस मिनिटांत गाडी चालू. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचा त्यात वाटा म्हणजे पडलेला स्क्रू मी शोधून दिला.

पण खरी गंमत ऊडनाडाट्याच्या अलीकडं झाली. तिथं नील्स नदीवर अल्जीबकिना नावाचा गानचा जुना लोखंडी पूल आहे. १८९२ सालचा, ५७८ मीटर लांब. १९८० मध्ये गान दुसऱ्या मार्गानं वळवली आणि पूल तसाच राहिला. फोटो काढून निघालो. पाच किलोमीटरवर खाडकन आवाज आला आणि स्टिअरिंग डावीकडं ओढायला लागलं. उतरून बघतो तर पुढच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा, म्हणजे गाडीचा भार झेलणारी पोलादी पट्टी, टोकाच्या गोलाच्या लगत तुटलेला आणि आस मागं सरकलेला. जादा पाटा होता, पण मदतीच्या गाडीत, आणि ती सकाळीच ऊडनाडाट्याला पुढं गेलेली. अजून पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

माझ्या मनात पहिला विचार वेल्डिंगचा, कारण आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, कारखान्यांतली माणसं. आजोबांनी मात्र जीपच्या मागच्या हुकावरून कुंपणाच्या तारेचं भेंडोळं काढलं. जॅक लावून गाडी उचलली. जॅकखाली घालायला त्यांच्याकडं लाकडाचा ठोकळा असतो, गानच्या जुन्या स्लीपरचा, बागेसाठी विकत घेतलेल्यातला. तोच ठोकळा त्यांनी आस आणि चॅसीच्या मधे बसवला, म्हणजे पाट्यावर भार नको. मग तार दुहेरी करून आसाला वेढा, पुढं चॅसीला वेढा, आणि मधल्या फासात लोखंडी पहार घालून पीळ द्यायला लागले. एक पीळ, दोन पीळ. तार गायला लागली, आस इंचाइंचानं पुढं आला. या गाठीला तिकडं कॉब अँड को म्हणतात. ती जुनी घोडागाड्यांची कंपनी. घोडे गेले, गाड्या गेल्या, गाठ राहिली. अजून तिकडचा शेतकरी फाटकापासून गाडीपर्यंत सगळं त्याच गाठीनं बांधतो.

तासाला पंधराच्या वेगानं आम्ही निघालो. दर अर्ध्या तासानं उतरायचं, पहार घालायची, अर्धा पीळ वाढवायचा. साडेचार तास लागले. वाटेत दोन-तीन नव्याकोऱ्या गाड्या आमच्यावर धूळ उडवून गेल्या. प्रत्येकजण थांबून 'ठीक आहात ना' विचारून मगच पुढं गेला, ती तिथली रीतच आहे. ऊडनाडाट्याच्या गुलाबी रंगाच्या रोडहाऊससमोर पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, 'एवढा त्रास, तर नवी गाडी का नाही?' नव्या गाडीत मीही गेलोय त्या भागात. छान गेलो. आठवत काही नाही.

पाटा बदलल्यावर मी तार फेकून द्यायला उचलली. आजोबांनी हातातून घेतली. दगडावर ठोकून ठोकून सरळ केली, पुन्हा भेंडोळं वळलं आणि हुकाला अडकवलं. जिथं जास्त पिळली होती तिथून वीतभर तुकडा तुटला, तो मात्र मला दिला. मुंबई विमानतळावर साहेबांनी बॅग उघडली, तार बघून विचारलं, "ये क्या है?" म्हटलं, "साहब, गाडी का स्पेअर पार्ट." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जाऊ दिलं.

हा बघा तो. फिरवा मागच्या रांगेपर्यंत. टोकाला धार आहे, पोरांच्या हातात देऊ नका, आणि परत तेवढा आठवणीनं द्या.