वन कुणाच्या दप्तरात?

मुलुंडमध्ये वनकायद्यावर बोलायचं म्हणजे सराफाच्या पेढीत सोन्याचा भाव सांगण्यासारखं आहे. इथे निम्म्या सभागृहाने हा विषय सोसलेला आहे. म्हणून आधी दिल्लीचं बोलतो, मग तुमच्याकडे येतो.

1980 चा वनसंवर्धन कायदा आपण चाळीस वर्षं वापरला. 1 डिसेंबर 2023 पासून त्याचं नाव आणि आवाका, दोन्ही बदललं. नाव लांबलचक आणि हिंदी झालं, ते सोडा. खरी मेख कलम 1-अ मध्ये आहे. वन म्हणून अधिसूचित झालेली जमीन, किंवा 25 ऑक्टोबर 1980 पासून पुढे सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढ्यालाच कायदा लागू. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या संरक्षणविषयक रस्त्यांना सूट, प्राणिसंग्रहालयं आणि सफारींना वाट मोकळी. पण ही सगळी फांद्यांची छाटणी. मूळ आहे ते त्या 'नोंदलेली' या अटीत.

कारण 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलटं सांगितलं होतं: मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते जंगल. नव्या दुरुस्तीने तो अर्थ दप्तरात कोंडला. मग 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने बजावलं, की राज्यांनी करायच्या जंगलांच्या याद्या पुऱ्या होईपर्यंत जुनाच अर्थ चालेल. त्यामुळे आज दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदताहेत, आणि सगळं त्या याद्यांवर येऊन अडलंय.

आता आरे, म्हणजे गोरेगावची आरे वसाहत. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. तिथे बिबट्या होता, वारली पाडे होते, झाडं तर होतीच. नव्हती ती नोंद. पुढे सुमारे 812 एकरांवर राखीव वनाची अधिसूचना निघाली, तीही 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 4 खालची. कलम 4 म्हणजे इरादा जाहीर केला. हक्कदाव्यांची चौकशी होऊन कलम 20 खाली शिक्का बसतो तेव्हा वन राखीव होतं. मधल्या काळाला आपल्याकडे काही सुमार नसतो.

इथे टाळ्या वाजवायच्या आधी तुमचंच प्रकरण आठवा. 1956-57 च्या सुमारास त्याच वन कायद्याच्या कलम 35(3) खाली जमीनमालकांच्या नावे नोटिसा निघाल्या. कित्येक बजावल्यासुद्धा गेल्या नाहीत. 1975 ला खाजगी वनं सरकारच्या ताब्यात घेणारा कायदा आला, आणि त्या शिळ्या नोटिसांच्या जोरावर पुढे मुलुंड, भांडुप, ठाण्यातल्या जमिनी वन ठरवल्या गेल्या. तोवर त्यांवर रीतसर परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या होत्या, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती. सातबाऱ्यावर शेरा पडला आणि घर विकता येईना. 2008 ला उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. 30 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने, न बजावलेल्या नोटिशीवर असा हक्क सांगता येणार नाही म्हणून, रहिवाशांना सोडवलं. म्हणजे एकीकडे जंगल असून कागद नाही, दुसरीकडे कागद असून जंगल नाही. कागदालाच निकष करणाऱ्यांनी आधी ही दोन दप्तरं शेजारी ठेवून वाचावीत, एवढंच माझं म्हणणं.

खारफुटीचं थोडं बरं आहे. 2005 पासून उच्च न्यायालय मागे लागलं, म्हणून सरकारी जमिनीवरची खारफुटी अधिसूचित होत गेली. तरीही भराव टाकणारा डंपर अधिसूचना वाचून येत नाही.

मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना तज्ज्ञ समित्या नेमून सहा महिन्यांत याद्या पुऱ्या करायला सांगितलं. तेव्हा समितीत कोण आहे, आपल्या वॉर्डातले कुठले सर्व्हे नंबर यादीत घेतले, कुठले गाळले, हे माहिती अधिकारात मागा. सिटी सर्व्हेची जमीन असेल तर सातबारा नव्हे, प्रॉपर्टी कार्ड काढा. मागच्या रांगेतल्या काकांनी केव्हाचा हात वर केलाय, विचारा, काका.