१६ किलोमीटर, एक घड्याळ आणि ‘येताना वारा पाठीवर असतो ना ताई!’

नमस्कार मंडळी. केसांकडे बघू नका, आत्ताच हेल्मेट काढलंय.

मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकाच प्रश्नाच्या होत्या. “ताई, सायकलच्या टाइम ट्रायलला चांगला ॲव्हरेज किती?” कुणी म्हणतं ताशी ३० किलोमीटर, कुणी म्हणतं ३५ च्या खाली बोलूच नका. आणि एक गृहस्थ, ते नेहमी येतात, त्यांनी लिहिलंय, “आमच्या रविवारच्या ग्रुपचा ३४ पडतो, मग तुम्ही एवढी धाप का टाकता?” काका, ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागे लपलं की पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. इथे लपायला कुणी नसतं. आणि तुमचा तो ३४ ऑटो-पॉज (सायकल थांबली की घड्याळही थांबवणारी सोय) चालू ठेवून आलाय की बंद ठेवून, तेही सांगा एकदा. सिग्नलला उभं राहिलेला वेळ गायब करायचा आणि मग ॲव्हरेज मिरवायचा! असो.

टाइम ट्रायल म्हणजे काय ते पटकन. एकेक जण, मिनिटामिनिटाच्या अंतराने निघतो, कुणाच्या मागे चिकटायचं नाही, लागला तो वेळ तुमचा. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे ही जुनी हौस आहे. आमच्या क्लबची दर बुधवारी संध्याकाळी ‘टेन’ असते. १० मैल, म्हणजे १६.०९ किलोमीटर. पाच मैल जायचं, गोल चौकाला वळसा घालून परत यायचं. एक निवृत्त आजोबा मागून सीट धरून उभे राहतात, पाचपासून उलटे आकडे मोजतात आणि सोडतात. फक्त सोडतात हां, ढकलायला मनाई आहे. शेवटी चहा आणि कुणाच्या तरी घरचा केक. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी केकसाठीच जात होते.

चांगला वेग किती, याला इथल्या हौशी लोकांनी फार पूर्वी एक मोजपट्टी ठरवलीय. २५ मैल, एका तासाच्या आत. म्हणजे ताशी ४०.२ किलोमीटर. राल्फ डॉहर्टीने १९३९ साली ते पहिल्यांदा करून दाखवलं. १० मैलांत २०१६ साली हल शहराजवळ मार्चिन ब्यावोब्वॉत्स्कीने १६ मिनिटं ३५ सेकंद लावले, म्हणजे ५८ च्या वर. (नाव दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा नको.) पण तो रस्ता बघा! आपल्या हायवेसारखा, मधे दुभाजक असलेला, आणि शेजारून गाड्या गेल्या की हवाही तुमच्याबरोबर पुढे ओढली जाते. असे ‘फास्ट कोर्स’ इथे लोक शोधत फिरतात. म्हणून रस्ता न सांगता नुसता आकडा सांगितला, की मी पुढची कमेंट वाचायला घेते.

आता माझे आकडे, लाज सोडून. पहिली टेन: ३१ मिनिटं ४० सेकंद. साधी रोड बाईक, हात ब्रेकच्या हुडवर (म्हणजे ताठ बसून), अंगात फडफडणारं जॅकेट. सध्याची सगळ्यात चांगली, ती पण वारा पडलेल्या संध्याकाळची: २७ मिनिटं ५२ सेकंद. जवळजवळ चार मिनिटं कमी. पायांची ताकद किती वाढली असेल? पॉवर मीटर सांगतो, १५२ वॉटवरून १६०. आठ वॉट! बाकी जवळजवळ सगळं हवेकडून मिळालं. हात पुढे टेकवून वाकायला एरो बार लावले, कोपर आत घेतले, डोकं खाली, अंगाबरोबर बसणारा सूट, बरे टायर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणजे त्याच जॅकेटात, त्याच ताठ बसण्यात मला हा वेळ हवा असता, तर साधारण २१० वॉट लागले असते. तेवढे माझ्याकडे नाहीत, कधी येतील असंही दिसत नाही.

वजन? सपाट रस्त्यावर फारसा फरक नाही. दोनशे ग्रॅम हलक्या चाकांसाठी घरात भांडणं करू नका.

आता ज्यासाठी कॅमेरा लावला ते. “जाताना वारा समोरून, पण येताना पाठीवर असतो ना ताई! फिटंफाट.” ही कमेंट मला आठवड्याला एकदा तरी येते. फिटंफाट होत नाही! कधीच नाही.

हा फळा बघा. तीच मी, तेच १६० वॉट, आणि ताशी १० किलोमीटर वारा. जाताना वेग २८.७, येताना ४१.१. आता सरासरी काढा. काढली? ३४.९. आणि वारा नसताना माझा वेग होता ३४.६. म्हणजे वाऱ्याने फायदाच झाला की! आता घड्याळ बघा. जाताना १६ मिनिटं ४९ सेकंद, येताना ११ मिनिटं ४५. बेरीज २८:३४. ४२ सेकंदांचं नुकसान. वेगांची सरासरी काढली तिथेच फसलो, कारण हळू वेगात आपण जास्त वेळ घालवतो.

नाही पटलं? शाळेतलं गणित आठवा. बोट प्रवाहाच्या विरुद्ध जाते, मग प्रवाहाबरोबर परत येते. नदी वाहती असली की एकूण वेळ नेहमी जास्त. तेव्हा पाच मार्कांसाठी पाठ केलंत, आता सायकलवर बसल्यावर कुठे गेलं ते?

तरी नाही? कात्रजचा घाट घ्या. वर जाताना १५ ने गेलात, त्याच रस्त्याने खाली येताना ६० ने आलात (येऊ नका, पण समजा). सरासरी साडेसदतीस नाही, २४ येते. आता घाटाच्या जागी वारा ठेवा. तेच आहे.

आणि यातूनच पुढचं निघतं, ते मला चुकून कळलं. मागच्या वर्षी एका बुधवारी सुटतानाच वारा पाठीवर होता. मी अशी सुसाट! ४४, ४५ दिसतंय, मनात म्हटलं आज २७ मिनिटांच्या आत. चौकाला वळले आणि समोर भिंत. पाय संपलेले, ताकद १३० वर आलेली, आणि माझ्यानंतर एका मिनिटाने सुटलेल्या सत्तरीच्या आजी शेजारून “कम ऑन, लव्ह” म्हणत निघून गेल्या. जिथे वारा समोरून आहे तिथे थोडे वॉट जास्त घाला, कारण तिथे वेळ जास्त जातो, वाचवायलाही तिथेच जागा असते. पाठीवर वारा असताना थोडं सैल सोडा. मी समोरून १६८ आणि पाठीवर १५० च्या आसपास ठेवते. सगळं नुकसान भरून निघत नाही, काही सेकंद मात्र परत मिळतात.

हो, आणि पुण्याच्या मंडळींनी लिहिलंय की आम्ही तुमच्यापेक्षा फास्ट आहोत. असाल! पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. वर उकाडा. पाच डिग्रीच्या हवेपेक्षा पंचवीस डिग्रीची हवा साधारण सात टक्के हलकी असते. म्हणजे तुम्हाला सूट दोन्हीकडून. आता ती सूट स्पीडब्रेकरवर किती परत जाते, ते तुमचं तुम्ही बघा.

तर या वेळी कमेंटमध्ये ॲव्हरेज लिहू नका. जातानाचा वेळ, येतानाचा वेळ, वारा कुठून होता आणि ऑटो-पॉज बंद होता का, एवढंच लिहा. येत्या बुधवारी नैऋत्येचा वारा आहे म्हणे, ताशी २० चा, आणि आमचा रस्ता नेमका नैऋत्येला जातो. चला, मागचा दिवा चार्जिंगला लावते, त्याशिवाय आजोबा सीट धरत नाहीत.