आधी वॅट काढा, मग थंडावा आणा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माशांच्या टाकीतलं पाणी 31 अंशांवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "कोणता चिलर घेऊ?" चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. त्या प्रश्नाकडे आपण जरा उशिरानेच येऊ. आधी टाकीच्या मागे जाऊ, जिथे वायरींचं जंजाळ असतं, आणि एकेक प्लग मोजू.

पाण्यात बुडालेला पंप 20 वॅट खात असेल तर ते सगळे 20 वॅट शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरतात. मोटरची कॉइल तापते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी फिरवण्यात गेलेली शक्तीसुद्धा घर्षणातून उष्णताच होते. पंप कितीही कार्यक्षम असो, त्याने खाल्लेला प्रत्येक वॅट पाण्यालाच भोगावा लागतो. चांगला पंप तेवढंच पाणी कमी वॅटमध्ये फिरवतो, फरक एवढाच.

आता हिशोब करू. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापायला सुमारे 4.19 किलोज्यूल लागतात. 20 वॅटचा पंप 24 तासांत 1,728 किलोज्यूल ओततो. म्हणजे 100 लिटरच्या टाकीतून उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दिवसाला 4 अंशांची वाढ. प्रत्यक्षात काचेतून आणि पृष्ठभागावरून ती निघत राहते, म्हणून तापमान कुठेतरी स्थिरावतं. उघडी, उपकरणं नसलेली टाकी बाष्पीभवनामुळे खोलीपेक्षा किंचित थंडच असते. तीच झाकणबंद करून आत दोन पंप आणि वर दिवा लावला की ती खोलीपेक्षा वर जाते. हा फरक उन्हाळ्याचा नाही, तुमच्या सामानाचा आहे.

म्हणून सुरुवात वॅटमीटरपासून, म्हणजे वीज किती खाल्ली जाते ते दाखवणाऱ्या मीटरपासून करा. प्लगमध्ये बसणारा साधा मीटर चालतो. मात्र 3-4 वॅटच्या खाली स्वस्त मीटरवर विसंबू नका. लेबलवरचा आकडा आणि प्रत्यक्ष खप यांत बरीच तफावत असते, म्हणून प्रत्येक उपकरण मोजून कागदावर लिहा. मग प्रत्येकासमोर नोंदवा: ही उष्णता पाण्यात जाते, झाकणाखाली अडकते, की खोलीत जाते?

एअर पंप खोलीत बसतो, त्याची उष्णताही खोलीत. म्हणून लहान टाकीत 3 ते 5 वॅटच्या एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर उन्हाळ्यात पॉवरहेडपेक्षा (पाण्यात बुडणाऱ्या छोट्या पंपापेक्षा) कितीतरी सरस. शिवाय बुडबुडे पृष्ठभाग हलता ठेवतात, आणि त्याची गरज असते: गोड्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. कॅनिस्टरची (टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरची) मोटर बाहेर दिसली तरी तिला थंड करणारं पाणी टाकीचंच असतं, त्यामुळे तिची बरीचशी उष्णता आतच येते. पाण्यातले जंतू मारणारा 9 वॅटचा यूव्ही दिवाही पाण्यातच जमा धरायचा. लागेल तेवढे तासच चालवा.

पंप मोठा झाला म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साध्या एसी पंपाचा व्हॉल्व्ह आवळला की पाणी कमी होतं, वॅट फारसे कमी होत नाहीत. डीसी पंपाचा वेगच कमी करता येतो, आणि शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते: वेग 80 टक्क्यांवर आणला तर वॅट जवळपास निम्म्यावर. शिवाय त्याचा ॲडॉप्टर पाण्याबाहेर तापतो, टाकीत नाही. तो बंद कपाटात कोंबू नका, इतकंच.

पंपातल्या इम्पेलरकडे, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाकडे, दर दोन-तीन महिन्यांनी बघा. प्लग काढा, पुढची टोपी फिरवून उघडा, इम्पेलर सरळ ओढून काढा. त्यावर पांढरा क्षारांचा थर आणि बुळबुळीत मळ असेल तर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, खोबणीही बारीक ब्रशने घासा, धुवा. सिरॅमिकचा दांडा काचेसारखा तुटतो, तो वाकडा ओढू नका. मळलेला पंप पाणी बरंच कमी देतो, उष्णता मात्र जवळपास तेवढीच देत राहतो.

दिव्याचं थोडक्यात. एलईडीची मोठी उष्णता मागच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) असते; झाकणबंद टाकीत ती अडकते. दिवा 15-20 सेंटिमीटर वर घ्या, झाकणाला मागून वाट ठेवा. पाण्यात शोषला गेलेला प्रकाशही उष्णताच होतो, त्यामुळे दिव्याची वेळ दुपारऐवजी संध्याकाळकडे सरकवली तर उन्हाचा आणि दिव्याचा चढ एकावर एक येत नाही.

आणि हीटर! उन्हाळ्यात तो प्लगमधून काढून ठेवा, नुसता सेट करून सोडू नका. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटून राहणं हा त्याचा नेहमीचा दोष आहे. 100 वॅटचा हीटर 100 लिटरला साधारण 70 मिनिटांत एक अंश वर नेतो, सकाळपर्यंत काय होईल ते मोजा.

इथपर्यंत येऊनही पाणी गरमच असेल तर पंखा. 120 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा, 2-3 वॅटचा. तो पृष्ठभागावर तिरका वारा घालतो आणि बाष्पीभवन वाढवतो. दिवसाला 1 लिटर जास्त उडालं तर सरासरी 28 वॅट उष्णता उचलली जाते. 3 लिटर म्हणजे 84 वॅट. दोन वॅट खर्चून एवढा थंडावा दुसरं काहीच देत नाही. पण मर्यादा हवेतल्या ओलाव्याची. खोली 34 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने गाठता येणारी खालची मर्यादा, सुमारे 26 अंश. आर्द्रता 80 टक्के झाली की तेच 31 वर जातं, आणि त्याखाली पंखा नेऊच शकत नाही. म्हणून बंद खोलीत आठवडाभर चालवलेला पंखा हळूहळू 'बिघडतो': दमट हवेला वाट द्या. उडालेल्या पाण्याची भर आरओ (क्षार काढलेल्या) पाण्याने घाला. नळाचं घातलं तर क्षार साठत जातात, आणि समुद्री टाकीत भर घातलीच नाही तर खारटपणा चढतो.

बर्फाच्या बाटलीबद्दल विचारलं जातं. 900 ग्रॅम बर्फ वितळून 26 अंशांपर्यंत येताना सुमारे 400 किलोज्यूल शोषतो, म्हणजे 100 लिटरला एक अंश. आणि तो 20 वॅटचा पंप तेवढी उष्णता साडेपाच तासांत परत भरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वीज गेली तर तात्पुरता उपाय म्हणून ठीक.

आता चिलर. उदाहरणाला 200 लिटरची टाकी घेऊ, 100 बाय 40 बाय 50 सेंटिमीटर. चारही बाजूंची काच 1.4 चौरस मीटर. खोली 34, हवं 26: प्रत्येक चौरस मीटर-अंशाला साधारण 6 ते 7 वॅट धरले तर काचेतून 70 वॅट. रिटर्न पंप (फिल्टरमधून पाणी टाकीत परत आणणारा) 35, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) 10, यूव्ही 9, दिव्यातले पाण्यात उतरणारे 40: मिळून 94. अर्ध्याहून अधिक भार सामानाचा! पंप बदलून आणि यूव्ही कमी तास चालवून त्यातले 20-25 वॅट गेले तर चिलरचा बोजा तेवढाच हलका होतो. एकूण आकड्यावर चौथाई जास्त धरून क्षमता निवडा, आणि चिलरला पाणी देणाऱ्या पंपाचे वॅट विसरू नका.

चिलर पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही खोलीत टाकतो. कपाटात बंद केला तर तो आपलाच गरम श्वास ओढतो, दाब चढतो, गार करणं घटतं आणि शेवटी कट-ऑफ होतो. मागे-पुढे हातभर जागा, धूळ झाडलेली जाळी. स्वस्त पेल्टियरवाले (विजेने एक बाजू गार, दुसरी गरम होणाऱ्या फळीचे) लहान चिलर दोन-तीन लिटरच्या चाचण्यांपुरते. ते खेचतात त्याहून जास्त वीज खातात, आणि वीज बंद झाली की गरम बाजूची उष्णता त्याच फळीतून परत पाण्यात येते.

हिवाळ्यात हीटर पुन्हा जोडाल तेव्हा दोन्ही 26 वर ठेवू नका, एकमेकांशी भांडत बसतील. हीटर 24, चिलर 27, आणि कंप्रेसर बंद झाल्यावर परत सुरू व्हायला तीन मिनिटांचा विलंब. कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) चिलरच्या नळीच्या तोंडाशी नको, वाहत्या पाण्यात हवा. आणि त्याला दोन सक्शन कप लावा: एकच असेल आणि तो सुटून प्रोब पाण्याबाहेर काचेवर लोंबकळला की तो खोलीचे 34 अंश वाचतो, आणि चिलर रात्रभर थांबत नाही.