अंगी लागलेले अन्न

श्रोतेहो, नमस्कार.

पोळी बंद केली आणि वजन वाढले, असे कोणी सांगितले तर आपला चटकन विश्वास बसत नाही, कारण पोळी, ब्रेड आणि बिस्किटे सोडणारा माणूस बारीक होतो, अशीच आपली समजूत आहे. सीलिॲक आजाराचे निदान झालेल्या माणसाच्या घरी मात्र हे वाक्य सुरुवातीला आनंदाने आणि पुष्कळदा वर्षभराने काळजीने उच्चारले जाते. त्या दोन्ही वेळी शरीरात काय चाललेले असते, हे आज पाहू.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो याच्यामुळे. ज्वारीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरी थापावी लागते. सीलिॲक असलेल्या व्यक्तीची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम ते करतात. ते झिजून अस्तर सपाट झाले की खाल्लेले अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. मूल खुरटते, पोट फुगते, जुलाब होतात. प्रौढांमध्ये कधी कधी वर्षानुवर्षे न हटणारा पंडुरोग एवढीच खूण दिसते.

या आजारामागे गहू आहे, हे वजनाच्याच नोंदींतून पुढे आले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930 च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे त्या देशात भाकरीच्या तुकड्यासाठी लोक तडफडत असताना, आजारी मुलांची तब्येत मात्र बिघडली नाही, आणि पाव परत मिळू लागताच ती पुन्हा ढासळली. 1950 साली सादर केलेल्या आपल्या प्रबंधात डिके यांनी मुलांच्या वाढीचे आलेख मांडले: गहू बंद केला की रेषा वर, गहू दिला की खाली.

आजही खंगलेल्या मुलाचे वजन पथ्य सुरू केल्यावर काही आठवड्यांत वाढू लागते, त्यामागोमाग उंचीही भरून निघू लागते, आणि भूक तर अशी लागते की आईला पुन्हा भात टाकावा लागतो. हे वजन म्हणजे शरीराने वसूल केलेली थकबाकी आहे. त्याला घाबरू नये. मात्र सगळेच रुग्ण हडकुळे असतात असे नाही. निदानाच्या वेळी अनेकांचे वजन योग्य किंवा जास्तही असते, आणि त्यांच्यापैकी काहींचे ते पथ्यानंतर थोडे उतरते, कारण पोटाचा फुगारा जातो आणि बेकरीचे खाणेही सुटते.

काळजीचा टप्पा पुढे येतो. आतडे आता नीट शोषू लागलेले असते, पण माणूस जुन्या सवयीने पूर्वीइतकेच खात राहतो. त्यात ‘ग्लुटेन फ्री’ असे छापलेली महागडी बिस्किटे आणि केक घरात येतात. त्यांत बहुधा तांदळाचे पीठ, मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तूप-तेल भरपूर असते, तंतू मात्र नावापुरते. साबुदाण्याच्या खिचडीचेही तेच. ती चालते, म्हणून रोज खायची नसते!

खरे तर ज्वारी, बाजरी आणि नाचणी खाणाऱ्या आपल्या मुलखात हे पथ्य जड वाटू नये. अडचण येते ती गिरणीत. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात कणीक मिसळलेलीच असते, म्हणून घरी दळणे बरे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, मेतकुटात गहू असतो, आणि थालीपिठाच्या भाजणीतही तो अनेक घरी असतो. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम कणीक, तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे एका इटालियन अभ्यासात दिसले आहे.

आणि इथेच वजनकाटा फसवतो. वजन भरले, जुलाब थांबले, म्हणजे आतडे बरे झाले असे घरचे धरून चालतात आणि लग्नाच्या पंगतीत एखादी पुरी पानात येते. मुलांचे अस्तर तुलनेने लवकर भरून येते. प्रौढांचे फार सावकाश. अमेरिकेतील एका अभ्यासात दोन वर्षांच्या पथ्यानंतर सुमारे 34 टक्के आणि पाच वर्षांनंतर सुमारे 66 टक्के प्रौढांचे अस्तर पूर्ववत झालेले आढळले. म्हणून वजनाबरोबर रक्तातील प्रतिपिंडे, हिमोग्लोबिन, ब जीवनसत्त्वे आणि ड जीवनसत्त्व तपासत राहावे लागते, आणि हाडांची घनताही डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहावी लागते. सुरुवातीचे काही महिने दूधही पचत नाही, कारण दुधातील साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होते. बहुतेकांना ते पुढे पचू लागते.

एका घरात एकाला हा आजार निघाला, तर त्याच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांचीही रक्ततपासणी करावी. मात्र तपासणीपूर्वी कोणीही गहू सोडू नये. पोळी बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि असलेला आजारही तपासणीत निसटतो.

नमस्कार.