टायर मोठा, रिम लहान

पत्रिकेत विषय दिलाय ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा. येतो त्याकडे. पण आधी माझं आवडतं म्हणणं मांडू द्या, ते पटलं नाही तर ऑफसेटचं गणित घेऊन करायचंय काय? म्हणणं एवढंच: पिकअपला मोठा टायर घालायचाय ना, मग रिम मोठी नको. एक इंच लहान घ्या.

काहींचे चेहरे पडले. वीस इंची रिम बुक केलेली दिसतेय.

हिशेब बघा. इथे टोयोटाच्या हायलक्स पिकअपवाले जास्त आहेत, म्हणून तीच धरू. वरच्या व्हेरियंटला २६५/६० आर १८ येतो. रुंदी २६५ मिलिमीटर, तिच्या ६० टक्के साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, १५९. वरची-खालची मिळून ३१८, त्यात अठरा इंचांचे ४५७ मिळवले की टायरची उंची ७७५. आता रिम सतराची घ्या आणि टायर २६५/७०. साइडवॉल १८५.५, उंची ८०३. टायर २८ मिलिमीटरने वाढला. गाडीखालची जागा मात्र १४ नेच वाढते, कारण उरलेले १४ एक्सलच्या वर जातात. दुकानात २८ सांगतात, तेवढं ऐकून घ्या आणि मनातल्या मनात दोनाने भागा.

खरी कमाई साइडवॉलची. साडेसव्वीस मिलिमीटर जादा रबर. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर ज्या रिमा कडेला वाकतात, त्या बहुतेक खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये रबर अपुरं पडलं म्हणून. जांभ्याच्या वाटेवर हवा उतरवून चालायचं तरी हीच जाडी कामाला येते. उलट वीसची रिम घालून उंची तीच ८०३ ठेवली, तर साइडवॉल उरते १४७. कंपनीपेक्षाही कमी! पैसे मोजून रबर घालवलं.

मग सोळाची का नको, असं कोणी विचारेल. ब्रेक आड येतो. हायलक्सच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीच २६५/६५ आर १७ देते, त्यामुळे सतरात कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारा भाग, मावतो हे उघड आहे. तरी बाहेरच्या रिमचे स्पोक मागून वेगळ्या घडणीचे असतात. टायर न चढवता नुसती रिम हबवर, म्हणजे चाक ज्या मधल्या भागावर बसतं त्यावर, लावा, दोन नट आवळा आणि हाताने फिरवा. कॅलिपर आणि स्पोक यांत तीन-चार मिलिमीटर मोकळे हवेत, आणि जुने चिकटवलेले बॅलन्सिंगच्या वजनाचे तुकडे कुठे अडतात तेही तेव्हाच कळतं.

आता तक्रार. आपल्याकडे दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "पीसीडी किती?" म्हणजे चाकाचे स्टड, नट लागतात ते बोल्ट, ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. सहा स्टड, १३९.७ मिलिमीटर. हायलक्सचा हा, फॉर्च्युनरचा हा, इसुझूच्या व्ही-क्रॉसचा हा, फोर्डच्या एंडेव्हरचाही हाच. मग काय, सगळं सगळ्याला बसतं! फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. एंडेव्हरच्या अठराच्या रिमा जुन्या बाजारात मिळतात, दिसायला देखण्या. त्यातली एक जोडी हायलक्सला लावायला गेलं की पहिली अडचण मधल्या भोकाची. हायलक्सचा हब १०६ मिलिमीटरचा आणि एंडेव्हरच्या रिमचं भोक ९३. जातच नाही. लगेच कोणीतरी सुचवतं, लेथवर भोक वाढवू. वाढवतात! साडेसहा मिलिमीटर धातू चारी बाजूंनी, नेमका स्पोक जिथे एकवटतात तिथला.

एवढं करून रिम चढली, तरी आतली बाजू आतच शिरते. हायलक्सची रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट अधिक ३०; हा आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. एंडेव्हरची आठ इंची, अधिक ५५. ऑफसेटच्या फरकाने २५ आणि अर्ध्या इंचाच्या निम्म्याने सहा, मिळून ३१ मिलिमीटर आत. टायर सस्पेन्शनच्या वरच्या कंट्रोल आर्मला लागतो. उपाय? हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती, तीस मिलिमीटरचा स्पेसर. तो नुसता सरकवायचा असला तर स्टडवर नटाला आटेच उरत नाहीत. १२ मिलिमीटरच्या, दीड पिचच्या, म्हणजे दर फेऱ्याला दीड मिलिमीटर सरकणाऱ्या स्टडवर नट निदान आठ पूर्ण फेरे धरला पाहिजे. स्वस्तातल्या रिमेवर एवढी शस्त्रक्रिया झाली की सहा महिन्यांत स्टड तुटायला लागतात आणि दोष जातो टायरला.

व्ही-क्रॉसचं उलटं होतं. तिचा हब १००. १०६ भोकाची रिम सहज जाते, पण हबवर टेकत नाही, सगळा भार नटांच्या शंकूवर येतो. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, मालक तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, बॅलन्सिंगवाला खूश. तिथे हवी असते ती फट भरणारी, नेमक्या मापाची हबरिंग. आणि नट. रिमची बैठक शंकूची असेल तर शंकूचा, सपाट असेल तर सपाट वॉशरचा. जुनेच नट नव्या रिमला लावायची घाई नको.

आयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, ऑफसेट.

रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर दूर, तो ऑफसेट. अधिक म्हणजे बाहेरच्या अंगाला, तेव्हा चाक आत बसतं. उणे म्हणजे चाक बाहेर येतं. मी वर सांगितलेल्या २६५/७० आर १७ साठी आठ इंची रिम, ऑफसेट अधिक २० घ्या. बाहेरची कड १६ मिलिमीटर बाहेर येते, आतली साधारण साडेतीन मिलिमीटरने आर्मपासून लांब जाते. एवढं पुरे. तुमच्यातल्या निम्म्यांना हवा असतो शून्य ऑफसेट, नऊ इंची. कड ४९ मिलिमीटर बाहेर! आतलं घासणं थांबतं, पण स्टिअरिंग वळवल्यावर चाक मोठ्या कमानीत फिरतं आणि मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिकला, केबिनच्या माउंटिंगला लागतं. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकतं.

घासतं का ते सपाट जागी बघू नका. एक पुढचं चाक दगडावर चढवा, सस्पेन्शन दबू द्या, मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण लॉक, आणि रिव्हर्समध्ये पण.

रिमच्या मागे ओतलेली भारक्षमता वाचा. मागच्या एक्सलच्या मंजूर भाराच्या निम्म्याहून ती कमी नको, पिकअपमध्ये सामान मागेच भरतो आपण. टायरचा लोड इंडेक्सही कंपनीपेक्षा खाली नको: ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा, टायर घेतला तर तोच भार पेलायला हवा जास्त लागते, दारावरच्या स्टिकरचा आकडा तिथे चालत नाही.

स्पीडोमीटर: उंची साडेतीन टक्के वाढली, म्हणजे काटा शंभरावर असताना गाडी १०३ च्या पुढे. २८५/७० घातलात तर १०७, आणि घाटात पहिला गिअर जड वाटेल. त्याला लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणं, आणि कापाकापीही लागते, आज तो विषय नाही.

कायदा एका वाक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही आधी लेखी विचारा.

नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा.

हो, स्टेपनी, विचारलंत ते बरं झालं. पाच टायर घ्या, चार नाही. आणि मोठा टायर हौद्याखालच्या जागेत जातो का, सायलेन्सरच्या पाइपला टेकतो का, ते पैसे देण्याआधी बघा. जुन्याच मापाची स्टेपनी लावून वाट काढावी लागली, तर सुक्या डांबरावर ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, घालू नका. पुढचा-मागचा एक्सल वेगळ्या वेगाने फिरायला बघतात, आणि ताण दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.