एकच वारा, दोन किनारे

नमस्कार. माझ्यामागे वरळी कोळीवाड्याचा किनारा आहे. १ जूनपासून मासेमारीबंदी लागू झाल्यामुळे होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या आहेत, आणि नैर्ऋत्येचा वारा त्या ताडपत्र्या अशा फडफडवतो आहे की माझा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोहोचत असेल ना, याचीच शंका वाटते. आजचा विषय हाच वारा आहे.

नकाशावर रत्नागिरी शोधा आणि तिथून बोट सरळ पश्चिमेकडे न्या. अरबी समुद्र ओलांडला की ते ओमानमधील सलालाह शहरावर टेकते. दोन्ही शहरे १७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, एकाच समुद्राच्या काठी. पावसाळ्यात दोन्हीकडे वाराही हाच. तरीही रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सलालाहमध्ये १५० मिलिमीटरही पडत नाही.

हा वारा विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतो, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराशी अडून उत्तरेकडे वळतो आणि विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे झुकत आपल्याकडे येतो. त्याचा जोर एवढा, की हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहणारा सोमालियाचा सागरी प्रवाह या दिवसांत चक्क उलटा, उत्तरेकडे वाहू लागतो.

खरी मेख पुढेच आहे. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहताना हा वारा पृष्ठभागावरचे कोमट पाणी खुल्या समुद्रात लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे गार पाणी वर येते. सोमालियाजवळ काही ठिकाणी ते २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. अशा गार पाण्यावरची हवा थंड आणि जड असते. ती वर चढत नाही, त्यामुळे ढगांना उंची मिळत नाही आणि सलालाहच्या वाट्याला धुके आणि भुरभुर एवढेच येते. तोच वारा पुढे उबदार समुद्रावरून येताना बाष्पाने ओथंबतो, सह्याद्रीला धडकून वर उचलला जातो आणि कोकणाला झोडपून काढतो. आपल्याला वैताग आणणारी ही ओल सलालाहला अपूर्वाईची वाटते. आखाती देशांतले लोक केवळ ती भुरभुर अंगावर घेण्यासाठी तिथे सुट्टी काढून जातात.

त्या ऋतूला ते ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘खरीप’ त्याच अरबी शब्दावरून आला आहे.